म्हशीच्या आधी जेवणारे

पाऊस लागला की जुहूच्या आणि गिरगावच्या चौपाटीवर भुट्ट्याच्या गाड्या लागतात आणि गाडीखाली सोललेल्या पानांचा ढीग साचतो. मक्याच्या झाडात वैरण म्हणून सर्वांत चांगला पचणारा भाग म्हणजे कणसावरची हीच पानं. त्याखालोखाल धांड्यावरची, म्हणजे खोडावरची, पानं. धांडं आणि दाणे काढलेलं कणीस फार मागे. कापणीनंतर शेतात सोडलेली गुरंही आधी पानं खातात, धांडी तशीच ठेवतात.

पण 'पचतं' म्हणजे नेमकं कोणाला? वैरणीतला सेल्युलोज हा तंतू भातातल्या स्टार्चसारखाच ग्लुकोजचा बनलेला असतो. फक्त ग्लुकोजचे कण एकमेकांना जोडण्याची तऱ्हा वेगळी, आणि ती जोडणी तोडणारं विकर (एन्झाइम) म्हशीच्या शरीरात तयार होत नाही. हे काम तिच्या कोठीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यातले, जीवाणू, आदिजीव आणि बुरश्या करतात. तिथल्या एका मिलिलिटर द्रवात अब्जावधी जीवाणू असतात. ते वैरण आंबवतात, त्यातून ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्लं तयार होतात आणि म्हशीची सुमारे 70 टक्के ऊर्जा या आम्लांतून येते. दुधातला बराचसा फॅटही ॲसेटिक आम्लापासून बनतो. तबेलेवाला वैरण कमी करून पेंड वाढवतो तेव्हा फॅट घसरतो, त्याचं हेही एक कारण.

म्हणजे गव्हाणीत टाकलेला घास आधी या जीवाणूंचा. त्यांना वाढायला नत्र लागतं, आणि ते मुख्यतः वैरणीतल्या प्रथिनांतून मिळतं. वैरणीत निदान 7 टक्के प्रथिनं नसतील तर त्यांचं काम मंदावतं. भाताच्या पेंढ्यात ती जेमतेम 3-4 टक्के असतात, मक्याच्या कडब्यात थोडी जास्त. नुसत्या पेंढ्यावर ठेवलेलं जनावर पोट टम्म असूनही उपाशी असतं, कारण चारा आत नुसता पडून राहतो. कुट्टी केल्याने, म्हणजे चारा बारीक कापल्याने, नासाडी टळते, जनावर जास्त खातं, पण प्रथिनं काही वाढत नाहीत. त्यासाठी सरकीची पेंड, तुरीची चुणी किंवा हिरवा चारा हवाच.

दुसरा उपाय युरियाचा. 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा आणि ढीग सुमारे 3 आठवडे हवाबंद झाकायचा. युरियापासून झालेला अमोनिया पेंढ्याला कडक करणाऱ्या लिग्निनची पकड सैल करतो आणि नत्रही देतो. प्रमाण अंदाजपंचे चालत नाही, जास्त युरियाने जनावर दगावतं. 6 महिन्यांखालच्या वासरांना तर हा पेंढा देऊच नये.

पाऊस ताणल्यावर कापलेल्या मक्यातही धोका असतो. धांड्याच्या बुडाशी नायट्रेट साचतं, पोटात त्याचं नायट्राइट होतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद जाते. रक्त तपकिरी दिसू लागतं.

मुंबईत मात्र नडतं ते वेगळंच. देवळाबाहेरच्या गाईला श्रद्धेने शिळा भात, पाव, लाडू भरवतात. हे पदार्थ कोठीपोटात झपाट्याने आंबतात, लॅक्टिक आम्ल वाढतं आणि चोथा पचवणारे जीवाणू त्यात मरतात. पाप-पुण्याच्या हिशेबात काय धरायचं ते ज्याचं त्याने बघावं, गाईच्या हिशेबात भुट्ट्याची पानंच बरी. ती त्याच दिवसाची हवीत, बुरशी न आलेली, आणि पिशवीतून बाहेर काढून दिलेली. कोठीपोटातले जीवाणू प्लास्टिकची पिशवी पचवू शकत नाहीत, आणि गिळलेली पिशवी बहुतेक वेळा शस्त्रक्रिया करूनच बाहेर काढावी लागते.