पाणी खालून पाय धरतं तेव्हा

मे १९४३. अमेरिकेतल्या मीड सरोवरावर उद्योगपती आणि वैमानिक हॉवर्ड ह्यूज आपलं सिकोर्स्की एस-४३ उतरवत होता. दोन इंजिनांचं हे उभयचर विमान धावपट्टीवरही उतरायचं आणि पाण्यावरही. ‘बेबी क्लिपर’ हे त्याचं लाडकं नाव. ह्यूजचा हात कसलेला होता. तरीही पाण्याला टेकताच विमानाचं नाक खाली गेलं, ते आडवं फिरलं आणि मोडलं. दोघांचा जीव गेला.

शेपटीकडे ठेवायचं जादा वजन त्या दिवशी ठेवलंच नव्हतं. त्यामुळे विमानाचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळ्या वजनाचा तोल जिथे साधतो तो बिंदू, पुढे सरकला होता. हवेत असताना वैमानिक नाक उचलून धरून हे कसंबसं सांभाळू शकतो, पण पाणी तेवढी उसंत देत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे. विमानाचं पोट पाण्यात घासू लागलं की मागे खेचणारा जोर तळाशी लागतो आणि वरचं सगळं वजन वेगाने पुढेच जात राहतं. धावताना उंबऱ्याची ठेच लागली की पाय अडतो आणि माणूस तोंडावर पडतो. इथेही तसंच होतं.

चाकं ही अशीच ठेच आहे. २०१४ मध्ये जुहू ते पवना धरण अशी उभयचर विमानाची सेवा सुरू झाली होती, तिचंच उदाहरण घ्या. जुहूच्या डांबरी धावपट्टीवरून उडायला चाकं बाहेर हवीत, पवनेच्या पाण्यावर उतरताना ती आत हवीत. प्रवास अगदी जवळचा. उडाल्यावर चाकं आत घ्यायची राहिली, तर पाण्यात ती नांगरासारखी रुततात आणि विमान क्षणात उलटं होतं. चाकं आत ठेवून धावपट्टीवर उतरलं तर बहुतेकदा तळ खरवडण्यावर भागतं. पाण्यावरची हीच चूक जीव घेते. म्हणून अशा अनेक विमानांत चाकं आत असली की निळे दिवे लागतात आणि बाहेर असली की हिरवे. निळा म्हणजे पाणी. तरी चांगले वैमानिक नुसत्या दिव्यांवर विसंबत नाहीत. ‘पाण्यावर उतरतोय, चाकं आत आहेत’ असं ते मोठ्याने म्हणतात आणि चाकांकडे डोळ्यांनी बघून घेतात. मला ही सवय कुठल्याही यंत्रापेक्षा मोलाची वाटते.

वारा पडलेला असताना तळं आरशासारखं होतं आणि पाणी नेमकं किती खाली आहे हे डोळ्यांना कळत नाही. अशा वेळी काठाच्या जवळून, इंजिनाचा थोडा जोर राखून, अगदी हळूहळू खाली यावं लागतं.

उलटलेल्या विमानात खरा घात दिशाभुलीने होतो. पट्टा घाईने सोडला की माणूस तरंगत भलतीकडे जातो. आधी एका हाताने दाराची कडा घट्ट धरायची, मग पट्टा सोडायचा आणि त्या हाताच्या दिशेने बाहेर पडायचं. जीवरक्षक जाकीट बाहेर आल्यावरच फुगवायचं. आत फुगवलं, तर ते माणसाला उलटून वर आलेल्या विमानाच्या तळाला चिकटवून ठेवतं आणि दार राहतं खाली, पाण्यात.