ब्रेक दाबला आणि इंडिकेटर मिणमिणला

पंधरा वर्षं झालेल्या खासगी मोटारीचं रजिस्ट्रेशन वाढवायचं तर ती आरटीओत दाखवावी लागते. तिथे दिवेही बघतात, म्हणून ठाण्यातले जुन्या गाड्यांचे मालक आधी धावतपळत बल्ब बदलून घेतात. नवा बल्बही मंदच लागला की निदान ठरलेलं: ‘बॅटरी वीक झाली.’ अहो, त्याच बॅटरीवर इंजिन एका किल्लीत सुरू होतंय ना? स्टार्टर शंभरएक अँपिअर ओढतो, ब्रेकच्या २१ वॅटच्या बल्बला दोनसुद्धा लागत नाहीत.

दोष बहुधा परतीच्या वाटेत असतो. दिव्याकडे वीज नेणारी तार असते, पण परत बॅटरीकडे आणायचं काम गाडीचा पत्रा करतो. टेल लॅम्पची काळी तार जवळच्याच पत्र्यावर एका स्क्रूने आवळलेली असते. घोडबंदर रोडचा पाऊस आणि खाडीची दमट हवा त्या स्क्रूखाली गंज धरवते, आणि गंजातून वीज नीट वाहत नाही. या परतीच्या वाटेला ‘अर्थ’ म्हणतात, आणि ‘अर्थ मिळत नाही’ म्हणतात ते हेच.

आता खरी गंमत. मागच्या दिव्यात ब्रेक, इंडिकेटर आणि पार्किंग या तिघांचा अर्थ एकच असतो. तो तुटला की वीज थांबत नाही. कोपरी पूल बंद असला की ठाणेकर मिळेल त्या गल्लीतून निघतात, तशी ती निघते. ब्रेक दाबला की वीज ब्रेकच्या फिलामेंटमधून (बल्बमधल्या बारीक तारेतून) तिघांच्या अर्थच्या सामाईक पट्टीवर येते, तिथून इंडिकेटरच्या फिलामेंटमध्ये उलटी शिरते, इंडिकेटरच्या तारेने गाडीच्या पुढच्या टोकाला जाते आणि पुढच्या इंडिकेटरमधून तिथल्या चांगल्या अर्थला मिळते. म्हणजे २१ वॅटची तीन फिलामेंट एकसरीत, एकामागे एक! बारा व्होल्टचे तीन वाटे, प्रत्येकाला साधारण चार. म्हणून ब्रेक लाइट मंद, आणि कुणी न लावलेले इंडिकेटर मिणमिणतात. तेव्हा पार्किंग लाइट चालू असेल तर तोही मंदावतो, कारण पट्टीवरच आठेक व्होल्ट चढलेले असतात. त्याच्या दोन टोकांत फरक उरतो चारचा.

व्होल्टेज थोडं कमी झालं तरी फिलामेंटचा उजेड फार घटतो. दहा टक्के व्होल्टेज घटलं तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो.

तपासायचं कसं? दिवा चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी बल्ब होल्डरच्या अर्थला लावा. शून्याच्या जवळपास आकडा आला तर अर्थ ठीक, एक-दोन व्होल्ट दिसले तर चोर सापडला. दिवा बंद करून ओहम, म्हणजे वाटेतला विरोध, मोजू नका. तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटरच्या इवल्याशा करंटला तो पुरतो आणि मीटर ‘सगळं ठीक’ म्हणतो.

स्क्रू काढा, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, तारेच्या टोकाची गंजलेली कडी (थिंबल) बदला, आवळा, वरून व्हॅसलीन. बंपरला लिंबू-मिरची बांधून अर्थ मिळत नाही. ‘एलईडी टाका, कटकट मिटेल’ हा सल्लाही त्याच जातीचा: करंट कमी लागत असल्याने एलईडी खराब अर्थवरही बरा पेटतो, गंज आत वाढतच राहतो, आणि इंडिकेटर लुकलुकवणारा जुना फ्लॅशर, बल्ब उडालाय असं समजून, इंडिकेटर दुप्पट वेगाने टिकटिकायला लावतो.