हिंगणघाटचा लॅम्बटन आणि सेकंदाचा कोन

शेताच्या मोजणीला येणाऱ्या टोटल स्टेशनची, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या तिपाईवरच्या यंत्राची, अचूकता ‘5 सेकंद’ अशी सांगतात, तेव्हा तो कोन असतो. एका अंशाचे 3600 भाग केले की एक सेकंद. किलोमीटरभर अंतरावर तो पाच मिलिमीटरही भरत नाही. असले कोन मोजण्यात हयात घालवलेला विल्यम लॅम्बटन वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला पुरलेला आहे.

1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा, म्हणजे पुढच्या सगळ्या त्रिकोणांचा आधार असलेली रेषा, मोजून त्याने भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात केली. हैदराबादहून नागपूरकडे येताना 20 जानेवारी 1823 रोजी तो हिंगणघाटला वारला. त्याच्या हाताखालच्या एव्हरेस्टचं नाव पुढे शिखराला लागलं आणि लॅम्बटन मागे पडला. मला हे अन्यायाचंच वाटतं.

लॅम्बटनचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, लंडनच्या विल्यम कॅरीने बनवलेला, वजन सुमारे अर्धा टन. दुर्बिणीतून लांबची खूण दिसायची, पण कोन वाचायचा कसा? कोनाच्या खुणांची तबकडी 36 इंच व्यासाची असूनही तिच्या कडेवर एक सेकंद म्हणजे जेमतेम दोन मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग), केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. तिथे उपयोगी पडला मायक्रोमीटर, म्हणजे स्क्रूने बारीक अंतर मोजायचं साधन. इंग्लंडच्या विल्यम गॅस्कॉइनने 1640च्या सुमारास दुर्बिणीत स्क्रूने सरकणाऱ्या खुणा बसवल्या होत्या. पुढे जेसी रॅम्सडेनने तबकडीवर बारीक रेषा पाडायचं यंत्र बनवलं आणि त्या रेषा वाचायला सूक्ष्मदर्शक जोडले. सूक्ष्मदर्शकातली तार स्क्रूने रेषेवर आणायची आणि स्क्रू किती फिरला ते त्याच्या डोक्यावर वाचायचं. तबकडीचा मध्य जरासा चुकला असेल म्हणून समोरासमोरच्या दोन जागी वाचून सरासरी घ्यायची.

1808 मध्ये तंजावरच्या मंदिरावर यंत्र चढवताना दोर तुटला आणि तबकडी भिंतीवर आदळून वाकली. लॅम्बटनने तंबूत बसून सुमारे सहा आठवडे पाचरी, स्क्रू, कप्प्या लावून ती हळूहळू ओढून जागेवर आणली. दोन मायक्रॉनचा हिशेब डोक्यात ठेवून हे वाचलं की त्या माणसाच्या चिकाटीला दाद द्यावीशी वाटते.

आता तारेची जागा इलेक्ट्रॉनिक वाचनाने घेतली आहे. 100 मीटरच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, 5 सेकंदांची चूक अडीच मिलिमीटरही होत नाही. तिपाई खुणेच्या दगडावर बोटभर चुकीची लावली तर त्याहून कितीतरी जास्त होते.