चेन्नईची गाडी, वाईचा घाट

वाईला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन वाठार, तिथून पुढे एसटी नाहीतर वडाप, म्हणजे माणशी भाडं घेणारी जीप. तरीही रेल्वेगाडीचं नाव लावलेल्या एका सिनेमाचा आमच्या गावाला लळा लागलाय. 'चेन्नई एक्सप्रेस' टीव्हीवर लागला की स्वयंपाकघरातून हमखास आवाज येतो, "आपलं गाव आलं की हाक मारा गं!" आपलं गाव म्हणजे पडद्यावरचं कोंबन. कथेत ते तमिळनाडूत आहे आणि नायिका मीनाच्या वडिलांच्या दराऱ्याखाली आहे. प्रत्यक्षात चित्रीकरण झालं ते वाई परिसरात.

रोहित शेट्टी यांचा हा सिनेमा ऑगस्ट २०१३ मध्ये ईदेला आला. गोष्ट दोन ओळींची. मुंबईच्या मिठाईवाल्यांचा राहुल (शाहरुख खान) आजोबांच्या अस्थी रामेश्वरमला न्यायच्या म्हणून निघतो. खरा बेत मित्रांबरोबर गोव्याला जायचा, म्हणून आजीच्या समाधानासाठी गाडीत बसायचं आणि कल्याणला उतरायचं. कल्याणला धावत्या गाडीत एका मुलीला हात देऊन वर घेतो, तिच्यामागून तिला पकडायला आलेले दांडगेही त्याच हाताला धरून चढतात, आणि स्वारी थेट दक्षिणेत पोचते.

हा हात कुठून आला ते सगळ्यांना ठाऊक आहे. १९९५ च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चा शेवट, रायगडातलं आपटा स्टेशन, तोच नायक. तिथे हात दिला की सिनेमा संपतो, इथे हात दिला की पंचाईत सुरू होते. स्वतःच्याच गाजलेल्या प्रसंगाची नटाने अशी टर उडवावी, हे मला या सिनेमातलं सगळ्यात खुमासदार वाटतं. हाणामारी आणि उडणाऱ्या गाड्या नसत्या तरी माझं काही अडलं नसतं.

घरातून निघालेली मुलगी, वाटेत भेटलेला अनोळखी माणूस आणि दोघांची भांडत भांडत जमलेली जोडी, हा साचा जुना आहे. अमेरिकेत १९३४ साली फ्रँक काप्रा यांनी 'इट हॅपन्ड वन नाइट' केला आणि त्याने पाचही मोठी ऑस्कर नेली. हिंदीत त्याचा १९५६ मध्ये राज कपूर-नर्गिसचा 'चोरी चोरी' झाला, १९९१ मध्ये 'दिल है के मानता नहीं'. त्या गोष्टींमध्ये श्रीमंतीतून बाहेर पडलेली मुलगी अडखळते आणि जगाची माहिती असलेला पुरुष तिला सांभाळून घेतो. भाषेची अडचण मात्र त्यांत नाही. ती हिंदी सिनेमात आली की दोनच वाटा असायच्या. एक 'पडोसन'ची (१९६८), जिथे मेहमूदचा दाक्षिणात्य गाणं-मास्तर हाच विनोद. दुसरी के. बालचंदर यांच्या 'एक दूजे के लिए'ची (१९८१), जिथे तमिळ मुलगा आणि हिंदी बोलणारी मुलगी शेवटी जीव देतात. म्हणजे हसायचं तर दक्षिणेला आणि प्रेम करायचं तर मरायचं.

'चेन्नई एक्सप्रेस'ने हसू बरंचसं मुंबईच्या मुलावर वळवलं. बरंचसं म्हणतोय, कारण उच्चारांची थट्टा आणि लुंगी-नारळाचा मसाला यातही आहे, आणि त्यावर तेव्हा टीका झाली ती रास्तच होती. पण तमिळ संवाद तमिळच ठेवलेत, पडद्याखाली भाषांतराच्या ओळी नाहीत. दुभाषा एकच, मीना (दीपिका पदुकोण), आणि ती सोयीचं तेवढंच सांगते. माझं याच्यावर प्रेम आहे असं तिने वडिलांना सांगून टाकलं तरी राहुलला पत्ता नाही. गाडीत दांडग्यांना कळू नये म्हणून दोघं हिंदी गाण्यांच्या चालीवर बोलतात, ती युक्ती तर ज्याने प्रवासात गाण्याच्या भेंड्या खेळल्यात त्याला लगेच पटते.

न कळणाऱ्या भाषेतला खेळ बघून खूश होणं हे आमच्या कृष्णाकाठाला नवीन नाही. १८४२ च्या सुमारास उत्तर कानडातली भागवत मंडळी सांगलीला आली. त्यांचे खेळ पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांना वाटलं की आपल्या भाषेत असं काही व्हावं. ते काम त्यांनी विष्णुदास भाव्यांवर सोपवलं, आणि ५ नोव्हेंबर १८४३ ला 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. याच दिवशी आपण रंगभूमी दिन साजरा करतो. मुलीचं लग्न बापाच्या मर्जीने की तिच्या, हा वादही सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ मध्ये 'शारदा'त मांडला होता. तिथे कांचनभट पैशासाठी मुलगी म्हाताऱ्याला द्यायला निघतो, इथे मीनाचे वडील (सत्यराज) तिला तंगबलीच्या गळ्यात बांधायला निघालेत.

आता वाईचं. हे गाव सोंगं घेण्यात मुरलेलं आहे. 'गंगाजल'साठी (२००३) ते बिहार झालं, 'दबंग'साठी (२०१०) उत्तर प्रदेश. पलीकडचं मेणवली, नाना फडणवीसांच्या वाड्याचं आणि घाटाचं गाव, 'स्वदेस'मध्ये (२००४) चरणपूर झालं. कारणं साधी आहेत. नदीला लागून दगडी घाट आणि देवळं, मागे डोंगर, बाजूला ऊस, आणि पसरणी घाट चढला की पाचगणीत मुक्कामाला हॉटेलं. मुंबईहून सामानाचे ट्रक एका दिवसात येतात. पाटी बदलली, कपडे बदलले की प्रांत बदलतो. आमच्या शेजारचे एक काका कोंबनच्या गर्दीत लुंगी नेसून उभे होते असं छातीठोकपणे सांगतात. आम्ही चित्र थांबवून थांबवून पाहिलं, अजून सापडले नाहीत.

मिरजेकडच्या मंडळींचं हसू वेगळ्या जागी आहे. सिनेमात चेन्नईची गाडी दूधसागर धबधब्यापाशी दिसते. मुंबईहून चेन्नईला जाणारी गाडी पुणे, दौंड, सोलापूर करत जाते. दूधसागर लागतो तो मिरज, बेळगाव, लोंढ्यावरून वास्कोला जाताना. त्या हिशोबाने राहुल गोव्याच्याच रुळावर होता, त्याला फक्त कळलं नाही.

इतक्या वर्षांनी लोक हा सिनेमा का बघतात? शाहरुख, गाणी, सुट्टीचा दिवस, हे सगळं आहेच. पण आमच्या घरात बायका जास्त हसतात, ते का, हे मला तुकोबांच्या 'कन्या सासुरासी जाये' या अभंगामुळे उमगलं. 'जीवनावेगळी मासोळी' ही उपमा त्यातच आहे, आणि तिथे मागे वळून पाहणारी ती सासरी निघालेली मुलगी. परक्या घरात, परक्या माणसांत, कुठे बसायचं नि काय बोलायचं ते न कळता वावरणं, हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या बाईच्याच वाट्याला. या सिनेमात त्या जागी धडधाकट पुरुष उभा केलाय. त्याला जेवायला घालतात, दरडावतात, त्याच्याबद्दल त्याच्यासमोरच ठरवतात, आणि त्याला एक अक्षर कळत नाही.

माझी चुलती अथणीकडची. लग्न होऊन मिरजेला आली तेव्हा तिला मराठी येत नव्हतं. "सासूबाई काय म्हणतात ते कळायचं नाही, मग मी नुसती मान हलवायची," ती सांगते. "एकदा मान हलवली नि वीस माणसांच्या भाकऱ्या अंगावर घेतल्या." कोंबनमध्ये राहुल काही न समजता होकार भरतो, तिथे ती पदर तोंडाला लावून हसते. तिला वाईचा घाट बघायचा नसतो. आम्ही हाक मारतो तोवर ती उठून भाजीला फोडणी द्यायला गेलेली असते.