पेन्शनरांचा दिनक्रम

पेन्शनरांचा दिनक्रम : नोकरीतून निवृत्त झाल्यावर माणूस आपल्या दिवसाची जी नवी घडी बसवतो, ती. सरकारी कचेऱ्या, शाळा, बँका, रेल्वे, गिरण्या, कारखाने यांत नोकरी करणारा मोठा पगारदार वर्ग गेल्या शतकात महाराष्ट्रात तयार झाला आणि त्याच्याबरोबर नोकरी संपल्यानंतरच्या दिवसाचीही एक रीत रुळली. पहाटेचा फेरफटका, कट्टा, वर्तमानपत्र, बँकेची फेरी, नातवंडे, संध्याकाळचा हरिपाठ अशी तिची साधारण मांडणी. पुण्याला तर फार पूर्वीपासून पेन्शनरांचे गाव म्हणत आले आहेत. शेतकरी, कारागीर, घर सांभाळणाऱ्या स्त्रिया यांना निवृत्तीची तारीख नसते; हातपाय चालतात तोवर त्यांचे काम सुटत नाही. त्यामुळे ही रीत मुख्यतः पगारदारांची आहे.

राज्य सरकारचे बहुतेक कर्मचारी वयाच्या 58 व्या वर्षी, गट ड मधले 60 व्या वर्षी निवृत्त होतात. केंद्र सरकारने 1998 मध्ये हे वय 58 वरून 60 केले. निवृत्ती महिन्याच्या अखेरच्या दिवशी होते, आणि ज्याचा जन्म एक तारखेचा तो आधीच्याच महिन्यात मोकळा होतो. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजी अनेक मुलांची जन्मतारीख 1 जून अशी लिहून टाकत. त्यामुळे 31 मे रोजी महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत एकाच दिवशी कितीतरी निरोप समारंभ होतात. शाल, श्रीफळ, दोन-चार भाषणे, डोळ्यांत पाणी. दुसऱ्या दिवशीही पाचला जाग येतेच. फक्त डबा भरायचा नसतो आणि लोकल गाठायची नसते.

पहिले काही महिने भराभर जातात. राहून गेलेले देवदर्शन, घराची रंगरंगोटी, दातांची कामे, नात्यातली लग्ने. बऱ्याच जणांनी वारी मनात धरून ठेवलेली असते. आळंदीहून ज्ञानोबांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते. नोकरीत असताना एवढी सलग रजा मिळणे अवघड. 31 मेला निवृत्त झालेला माणूस त्याच वर्षी पालखीबरोबर चालू लागतो, कारण आषाढी त्यानंतर लवकरच येते. काही जण पुढे नर्मदा परिक्रमेला जातात.

मग घर रिकामे वाटू लागते. ‘एखादा छंद लावून घ्या’ हा सल्ला निवृत्तांना सगळेच देतात, पण तो अपुरा आहे. नोकरी कामाबरोबर आणखी दोन गोष्टी देत होती : ठरलेली वेळ आणि आपली वाट पाहणारी माणसे. एकट्याने आणलेली पेटी किंवा रंगांचा डबा महिन्याभरात माळ्यावर जातो. तोच माणूस पेटी घेऊन दर गुरुवारी भजनी मंडळात बसू लागला, की वर्षानुवर्षे चुकत नाही, कारण तो गेला नाही तर सूर धरायला कोणी नसते. निवृत्तांचे जे जे उपक्रम टिकले, त्यांत गैरहजेरी कोणाच्या तरी लक्षात येते. दिवस बसतो तो त्यामुळेच.

याचे सर्वांत सोपे रूप म्हणजे कट्टा. मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कचा, ठाण्यात तलावपाळीचा, कोल्हापुरात रंकाळ्याकाठचा. पुण्यात पर्वतीच्या 103 पायऱ्या चढून गेल्यावर वरची मोकळी जागा. कट्ट्यावर जागा ठरलेल्या असतात, तशी कोणी पाटी लावलेली नसली तरी. गुडघे दुखणारा कडेला बसतो, म्हणजे उठताना हात टेकायला मिळतो. कमी ऐकू येणाऱ्याला मध्ये बसवतात. वर्तमानपत्र एकच येते आणि त्याची पाने सुटी होऊन फिरतात : अग्रलेखाचे एकाकडे, क्रीडेचे दुसऱ्याकडे, शब्दकोडे ज्याच्या खिशात पेन्सिल असते त्याच्याकडे. हुद्दा निवृत्त होत नाही. शिक्षक ‘सर’च राहतात, तहसीलदार ‘रावसाहेब’, आणि रेल्वेतले ‘गार्डसाहेब’ आजही गाडी किती मिनिटे उशिरा आहे ते आवाजावरून सांगतात. ज्याचा वाढदिवस त्याच्याकडून सर्वांना चहा आणि बटाटेवडा. ‘उद्या या’ असे कोणी कोणाला म्हणत नाही, पण सलग दोन दिवस कोणी दिसला नाही की तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी फोन जातो. एखादा कायमचा गेला, तर सगळे दोन मिनिटे उभे राहतात आणि त्याच्या जागी काही दिवस कोणी बसत नाही. कोणतीही लेखी घटना, नियमावली नसलेली ही संस्था आहे, आणि तिच्याइतकी माणसांची काळजी घेणाऱ्या नोंदणीकृत संस्था थोड्याच असतील.

नोंदणीकृत संस्थाही आहेतच. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ वार्षिक वर्गणी घेतात, महिन्यातून एकदा त्या महिन्यातले वाढदिवस एकत्र साजरे करतात, एखाद्या डॉक्टरचे व्याख्यान ठेवतात, सहल काढतात आणि 1 ऑक्टोबरचा जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन पाळतात. राज्यातल्या संघांचा महासंघ ‘फेस्कॉम’ या नावाने ओळखला जातो. बागेतला हास्यक्लब हा प्रकारही मुंबईचाच : डॉ. मदन कटारिया यांनी 13 मार्च 1995 रोजी अंधेरीच्या एका बागेत मोजक्या माणसांना घेऊन तो सुरू केला, आणि पुढे तो जगभर गेला. गृहनिर्माण सोसायट्यांचे चिटणीस आणि खजिनदारही बहुतेक ठिकाणी निवृत्तच असतात. पाण्याचा टँकर, लिफ्टची दुरुस्ती, थकलेली देखभाल वर्गणी यांत त्यांची दुपार जाते.

वाचनालय हे आणखी एक ठिकाण. पुणे नगर वाचन मंदिर 1848 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 चे. अशा जुन्या वाचनालयांच्या वर्तमानपत्र विभागात दार उघडण्याआधी पायरीवर उभी असणारी मंडळी बहुधा पेन्शनरच असतात.

बँकेची फेरी पैशांपुरती नसते. पेन्शन खात्यात आपोआप जमा होते, संदेशही मोबाइलवर येतो, तरी पासबुक भरून घ्यायला माणूस स्वतः जातो. तिथे ओळखीची माणसे भेटतात. नोव्हेंबरात गर्दी वाढते, कारण आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा दाखवावे लागते : हयातीचा दाखला. 10 नोव्हेंबर 2014 पासून ‘जीवन प्रमाण’ या सोयीने तो बोटाच्या ठशावर घरबसल्या देता येऊ लागला. पण उतारवयात बोटांवरच्या रेषा पुसट होतात. माणूस समोर बसलेला असतो आणि यंत्र त्याला ओळखत नाही. मग बोट पुसून, ओले करून, पुन्हा पुन्हा टेकवायचे. 2021 पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला.

प्रवास हा दिनक्रमाचा मोठा आधार. एसटीत 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे, आणि 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत आहे. ज्या बहिणीला चार वर्षे भेटणे झाले नव्हते तिच्याकडे महिन्यातून एकदा जाणे त्यामुळे जमू लागले. रेल्वेत मात्र 60 वर्षांवरील पुरुषांना 40 टक्के आणि 58 वर्षांवरील स्त्रियांना 50 टक्के सवलत होती, ती मार्च 2020 मध्ये बंद झाली. ती परत मिळायला हवी. लांबच्या मुलाकडे जायचे की नाही हे तिकिटावर ठरावे, अशी पुष्कळ घरे आहेत.

कारण सगळे पेन्शनर सारखे नसतात. साखर कारखाना, सूतगिरणी, एसटी यांतून निवृत्त झालेले कामगार ‘ईपीएस 95’ या भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत येतात, आणि तिथे किमान पेन्शन 2014 पासून दरमहा 1,000 रुपये आहे. तेवढ्यात महिन्याचे औषधसुद्धा होत नाही. असा माणूस कट्ट्यावर दिसत नाही. तो एखाद्या इमारतीच्या दाराशी रात्रपाळीचा वॉचमन असतो किंवा किराणा दुकानात वह्या लिहीत असतो.

स्त्रियांच्या बाबतीत रीत आणखी वेगळी. शिक्षिका किंवा परिचारिका निवृत्त होते ती शाळेतून, इस्पितळातून, स्वयंपाकघरातून नाही. नोकरी न केलेल्या गृहिणीला तर नवऱ्याची निवृत्तीच काम वाढवते. दुपारी दोन ते चार हा वेळ इतकी वर्षे तिचा एकटीचा होता : ओटा आवरलेला, रेडिओ लावलेला, शेजारीण दारात. आता त्याच वेळी समोरच्या खुर्चीतून ‘जरा चहा टाकतेस का’ येते. ज्या घरांत नवरा स्वतः चहा करायला शिकतो आणि भाजी निवडायला बसतो, तिथे दोघांचीही घडी लवकर बसते. बायकांचे स्वतःचे आधार म्हणजे भिशी, भजनी मंडळ, ज्ञानेश्वरीचा वर्ग. त्यांतली उपस्थिती पुरुषांच्या कट्ट्यापेक्षा काटेकोर असते.

नातवंडांना शाळेच्या बसपर्यंत सोडणे आणि आणणे हे आज अनेक आजी-आजोबांच्या दिवसाचे दोन खांब आहेत. मुले परदेशी असतील तर हेच काम सहा-सहा महिने तिकडे जाऊन केले जाते. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर एका खेपेस साधारण तेवढेच राहू देतात. तिथे घर मोठे, रस्ते स्वच्छ, पण गाडी चालवता येत नसेल तर कुठे जाता येत नाही, आणि चालत गेले तरी वाटेत बसलेले कोणी भेटत नाही. उन्हाळ्यात न्यू जर्सीत रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा मुंबईत सकाळचे सात असतात. नातू झोपल्यावर आजोबा फोन लावतात. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तो एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो, कडेच्या जागेपर्यंत, आणि प्रत्येक जण आधी हेच विचारतो की परत कधी येताय.