मृतांची जबाबदारी कोणाची? हिबाकुशांच्या मागणीमागचा इतिहास

१० डिसेंबर २०२४ रोजी ओस्लोत नोबेल शांतता पुरस्कार स्वीकारताना ९२ वर्षांचे तेरुमी तानाका लिहून आणलेले भाषण सोडून काही क्षण बोलले. अणुबॉम्बने मेलेल्यांची भरपाई जपान सरकारने मुळीच केलेली नाही, हे त्यांनी पुन्हा एकदा सांगितले. नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा ते १३ वर्षांचे होते. नात्यातली पाच माणसे त्यांनी गमावली. जगाच्या व्यासपीठावरून स्वतःच्याच सरकारला जाब विचारणे अनेकांना अनपेक्षित वाटले असेल. पण अणुबॉम्बग्रस्तांच्या ‘निहोन हिदानक्यो’ या ज्या संघटनेला हा पुरस्कार मिळाला, तिची वाटचाल ज्याला ठाऊक आहे, त्याला ते तसे वाटणार नाही.

१९४५ संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत सुमारे ७४ हजार माणसे मेली. जे वाचले ते हिबाकुशा, म्हणजे अणुबॉम्बग्रस्त. पुढची काही वर्षे त्यांना तोंडच नव्हते. सप्टेंबर १९४५ मध्ये अमेरिकी ताबा प्रशासनाने वृत्तपत्रांवर निर्बंध घातले आणि बॉम्बच्या परिणामांविषयी मोकळेपणाने छापणे बंद झाले. जळलेल्या माणसांची छायाचित्रे सामान्य जपानी वाचकांनी मोठ्या प्रमाणावर पाहिली ती थेट ऑगस्ट १९५२ मध्ये, अमेरिकी अंमल उठल्यावर. हिरोशिमात १९४७ पासून अमेरिकी वैद्यकीय आयोगाचे काम सुरू झाले होते. तिथे हिबाकुशांचे रक्त तपासले जाई, नोंदी ठेवल्या जात. उपचार करणे मात्र आयोगाच्या कामात बसत नव्हते. हा अपमान त्या पिढीच्या मनातून कधी गेला नाही आणि तो जावा अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे आहे. शिवाय आजार लागेल, मूल अधू जन्मेल या भीतीने लग्ने मोडत, नोकऱ्या नाकारल्या जात. पुष्कळांनी आपण तिथे होतो हे घरातही लपवले.

ही कोंडी फुटली ती तिसऱ्याच बॉम्बमुळे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर १५ मेगाटनच्या हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. ‘डाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी बोटीवर पांढरी किरणोत्सारी राख पडली. २३ खलाशी आजारी पडले आणि बोटीचे रेडिओचालक आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये दगावले. बाजारातला ट्यूना किरणोत्सारी निघू लागला, तेव्हा टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणींनी सह्यांची मोहीम हाती घेतली. पुढच्या वर्षापर्यंत देशभरात तीन कोटींहून अधिक सह्या जमल्या. याच चाचणीनंतर, २ एप्रिल १९५४ रोजी, नेहरूंनी लोकसभेत अण्वस्त्र चाचण्या थांबवण्याची मागणी केली होती.

ऑगस्ट १९५५ मध्ये हिरोशिमात अण्वस्त्रविरोधी जागतिक परिषद भरली. हिबाकुशांना आपली गोष्ट ऐकायला लोक आले आहेत याचा अनुभव तिथे आला. वर्षभराने, १० ऑगस्ट १९५६ रोजी, नागासाकीत निहोन हिदानक्योची स्थापना झाली. आधी स्वतःला सावरायचे आणि आपल्या अनुभवाच्या बळावर मानवजातीला संकटातून वाचवायचे, असा निर्धार त्यांनी जाहीर केला. (त्याच्या सहाच दिवस आधी मुंबईत तुर्भ्याला ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली होती. अणूकडून जगाला तेव्हा केवढ्या आशा होत्या, हे यावरून कळते.)

१९५७ च्या कायद्याने हिबाकुशांना ओळखपुस्तिका आणि सरकारी खर्चाने उपचार मिळाले. पण हा लाभ जिवंतांना होता आणि त्यामागे सरकारचा दोष मान्य केलेला नव्हता. अमेरिकेकडे दाद मागण्याचा रस्ताही बंद होता, कारण महायुद्धानंतरच्या सॅन फ्रान्सिस्को शांतता तहात जपानने आपले व नागरिकांचे युद्धविषयक दावे सोडून दिले होते. पाच हिबाकुशांनी १९५५ मध्ये आपल्याच सरकारवर दावा लावला. ७ डिसेंबर १९६३ रोजी टोकियो जिल्हा न्यायालयाने हे हल्ले आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग करणारे होते असे म्हटले आणि तरीही भरपाई नाकारली.

दरम्यान सोव्हिएत चाचण्यांचा निषेध करायचा की नाही यावरून जपानची अण्वस्त्रविरोधी चळवळच फुटली. हिरोशिमातल्या हिबाकुशांच्याही दोन संघटना झाल्या.

माझ्या मते या इतिहासातले निर्णायक वर्ष १९८० आहे. त्या वर्षी सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने असे मत दिले की, युद्धात होणारी हानी देशाच्या सर्व नागरिकांनी सारखीच सोसली पाहिजे. हिबाकुशा संतापले. त्यातून १९८४ मध्ये संघटनेचे मूलभूत मागणीपत्र तयार झाले. त्यात दोन मागण्या आहेत: अण्वस्त्रे नष्ट करा आणि सरकारने नुकसानीची भरपाई द्यावी. या दोन्ही एकाच विचारातून आल्या आहेत. माणसे मेल्याचा हिशोब ज्या राज्याला द्यावा लागत नाही, त्याला पुढच्या युद्धापासून कोण अडवणार? १९९४ च्या नव्या कायद्याने मदत वाढवली, पण राज्याने भरपाई देण्याचे तत्त्व त्यातही आले नाही.

कोरियन हिबाकुशांना याहून कठोर वागणूक मिळाली. वसाहतीतून जपानला आलेली, अनेकदा सक्तीने आणलेली ही माणसे मायदेशी परतली की त्यांचा भत्त्याचा हक्क जाई. हा नियम घालणारे १९७४ चे सरकारी परिपत्रक मागे घ्यायला २००३ साल उजाडले.

जगापुढे साक्ष देणारेही हिबाकुशांतलेच. नागासाकीत सायकलवरून टपाल वाटताना पाठ होरपळलेले सुमितेरु तानिगुची तेव्हा १६ वर्षांचे होते. पावणेदोन वर्षे त्यांना पालथे पडून राहावे लागले. २०१० मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी कराराच्या आढावा परिषदेत ते स्वतःचे छायाचित्र हातात धरून बोलले. त्याआधी १९८२ मध्ये सेन्जी यामागुची यांनी संयुक्त राष्ट्रांत ‘पुन्हा हिबाकुशा नकोत’ असे आवाहन केले होते. ७ जुलै २०१७ रोजी १२२ देशांनी अण्वस्त्रबंदी करार स्वीकारला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत हिबाकुशांच्या यातनांचा उल्लेख आला. जानेवारी २०२१ पासून तो लागू आहे.

अण्वस्त्रे बाळगणाऱ्या एकाही देशाने त्यावर सही केलेली नाही. त्यांत भारतही आला. अमेरिकेच्या अण्वस्त्रांच्या संरक्षणावर विसंबणारा जपानही करारात नाही. मार्च २०२५ अखेर ओळखपुस्तिका असलेले हिबाकुशा प्रथमच एक लाखाच्या खाली आले. त्यांचे सरासरी वय ८६ हून अधिक होते. त्याच महिन्यात न्यूयॉर्कला करारातल्या देशांची बैठक झाली. जपान सरकारने निरीक्षक तरी पाठवावा, ही हिबाकुशांची विनंती तेव्हाही मान्य झाली नाही.