इबेरियन लिंक्समधील जनुकीय वैविध्याची कमतरता

स्पेन व पोर्तुगालमध्ये आढळणारा इबेरियन लिंक्स (लिंक्स पार्डिनस) हा कानांवर काळे झुपके आणि गालांवर दाढी मिरवणारा, जवळजवळ पूर्णपणे सशांवर जगणारा मार्जारकुळातील प्राणी आहे. २०१६ मध्ये त्याचा जीनोम (संपूर्ण जनुकीय आराखडा) प्रसिद्ध झाला, तेव्हा तोवर अभ्यासलेल्या सस्तन प्राण्यांत सर्वांत कमी जनुकीय वैविध्य याच्यात आढळले.

विसाव्या शतकातली शिकार, उजाड झालेली झुडपी राने आणि सशांमधल्या साथी यांमुळे २००२ च्या गणनेत शंभरही लिंक्स उरले नव्हते. तेही दोन ठिकाणी विभागलेले: सिएरा मोरेना डोंगररांग आणि डोन्यानाचा पाणथळ प्रदेश. एकीकडचा नर दुसरीकडे पोचत नसे. डोन्यानात तर नात्यातल्याच नर-मादीच्या जोड्या जुळत गेल्या. पिल्ले कमी होऊ लागली, रोगाने मरणारे वाढले. २००७ मध्ये मांजरांच्या ल्युकेमिया विषाणूची साथ आली ती याच कळपावर.

बंदिवासातील प्रजननात पहिली पिल्ले २००५ मध्ये जन्मली. तिथे काही पिल्लांना दोनेक महिन्यांच्या वयात फेफरे येत असल्याचे दिसले: चांगले हिंडते-फिरते पिल्लू अचानक कोसळते, पाय ताठ होतात. औषधाने बहुतेक बरी होतात. या विकारामागे आई-वडील दोघांकडून आलेला अप्रभावी (म्हणजे दोघांकडून मिळाला तरच परिणाम दाखवणारा) जनुक असावा, असा संशोधकांचा कयास आहे.

उपाय म्हणून वंशावळी पाहून, नाते जितके दूरचे तितके बरे, या हिशेबाने जोड्या लावतात. दोन्ही प्रदेशांचे रक्त मिसळले, आणि पुढे नव्या जागी सोडलेल्या लिंक्समध्ये मूळ दोन गटांपेक्षा अधिक वैविध्य दिसले. २०२४ च्या गणनेत संख्या २,४०० वर गेली. त्याच वर्षी आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या धोक्यातील जीवांच्या यादीत हा प्राणी 'संकटग्रस्त' वर्गातून कमी धोक्याच्या 'असुरक्षित' वर्गात आला. पण हे सारे त्या मूठभर पूर्वजांचेच वंशज, हे संख्येच्या आनंदात विसरले जाते.

सारा दोष माणसाच्या माथी मारता येत नाही, हेही खरे. सुमारे २ ते ४ हजार वर्षांपूर्वीच्या हाडांतील डीएनए तपासला, तर त्या काळच्या लिंक्समध्ये आजच्याहूनही कमी वैविध्य निघाले! मधल्या काळात युरेशियन लिंक्सशी झालेल्या संकरातून थोडी भर पडली. युरेशियन लिंक्स मात्र इबेरियन द्वीपकल्पातून नामशेष झाला असल्याने असा संकर आता आपोआप घडणार नाही.